तंबाखू नाही, पण सुपारी आहे

आज परळच्या कार्यालयात जेवणाचे डबे बंद झाल्यावर नेहमीप्रमाणे सुगंधी सुपारीची पुडी फिरली आणि ‘यात तंबाखू नाही’ एवढ्या आश्वासनावर बहुतेकांनी हात पुढे केले. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, तोंड उघडेनासे होते, आणि याच कर्करोगपूर्व अवस्थेतून पुढे काहींना तोंडाचा कर्करोग होतो. गुटख्याला नाके मुरडणारी आपली सुशिक्षित मंडळी सुपारीला मात्र मुखशुद्धी म्हणून सहज माफ करतात, याचे मला नवल वाटते.

कर्करोगाच्या बाबतीत मद्याचेही तसेच आहे, कारण त्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित मानले जात नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालल्याने आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो, पण लोकलच्या गर्दीत उभे राहणे त्यात मोजता येत नाही. अशी पथ्ये पाळल्याने जोखीम कमी होते, शून्य होत नाही, हेही मी सहकाऱ्यांना सांगितले; एकाने पुडी खिशात ठेवली, दुसऱ्याने बडीशेप मागितली.