इंजिनाकडून मोटरकडे : वाळूजमधला माझा अनुभव

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत मी बारा वर्षे पेट्रोल इंजिनांचे कॅलिब्रेशन, म्हणजे ठिणगी, इंधन आणि हवा यांचा मेळ बसवण्याचे काम, केले. काम परदेशी स्पोर्ट्स कारचे असल्यामुळे ठिणगी किती अंश आधी टाकली म्हणजे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोठावणी) सुरू होते, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कुठे चढतो, हे टेस्ट बेडच्या काचेआडून नुसत्या आवाजावरूनही मला कळू लागले होते. पुढे ग्राहकाने नवी गाडी विजेवर चालणारी करायचे ठरवले आणि आमच्या गटातल्या सहा जणांना मोटर व बॅटरी शिकून घेण्यास सांगण्यात आले.

पहिला आठवडा शिकण्यापेक्षा घाबरण्यात गेला. 60 व्होल्टच्या वरचा डीसी विद्युतदाब धोक्याचा मानतात आणि आमच्या बॅटरी पॅकचा दाब होता 800 व्होल्ट. या दाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी बॅटरीचा पुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, इन्व्हर्टरमधले (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या यंत्रातले) वीज साठवणारे कॅपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचे, मीटर आधी चालू पुरवठ्यावर तपासायचा, मग टर्मिनलवर लावायचा आणि पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासायचा. तापलेल्या इंजिनात बेधडक हात घालणाऱ्या माणसाला हे सोवळे-ओवळे वाटते, मलाही वाटले. एवढा दाब हवाच कशाला, याचे उत्तर मात्र सरळ आहे : दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि त्याच केबलमधली उष्णता चौथ्या हिश्शावर येते. पोर्शेने 2019 मध्ये विजेवरची टायकान 800 व्होल्टवर आणली, ती याच हिशेबाने.

खरी फजिती मे महिन्यात झाली. बाहेर 42 अंश तापमान होते आणि आम्ही गाडी लागोपाठ पूर्ण जोराने पळवून पाहत होतो. तिसऱ्या वेळी शक्ती एकाएकी निम्म्यावर आली. मी दोन दिवस वायरिंग, सेन्सर आणि सॉफ्टवेअर यांत बिघाड शोधत होतो. शेवटी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेली, परभणीची सहकारी म्हणाली, "सर, बिघाड काहीच नाही. बॅटरी तापली म्हणून गाडीने स्वतःच हात आखडता घेतलाय."

इंजिनाचे पाणी 95 अंशांवर असते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यातही रेडिएटरला बाहेरच्या हवेशी पन्नासेक अंशांचा फरक मिळतो. लिथियम-आयन सेलला मात्र 40-45 अंशांच्या पुढे नेऊ नये असे म्हणतात. म्हणजे मराठवाड्यातल्या मे महिन्यात फरक जवळजवळ शून्यच. इंजिनाच्या मानाने बॅटरी आणि मोटर उष्णता कितीतरी कमी टाकतात, पण ती टाकायला जागाच उरत नाही. म्हणून बॅटरी गार ठेवायला एसीच्या गॅसवर चालणारा चिलर लावावा लागतो. जास्तीत जास्त शक्ती किती, हा माझा जुना प्रश्न इथे फारसा कामाचा नव्हता. ती शक्ती किती सेकंद टिकते, हा खरा प्रश्न होता. 2019 च्या टायकान टर्बो एसची शक्ती एरवी 460 किलोवॅट असते आणि लाँच कंट्रोल (उभ्या गाडीला झटक्यात सुटता यावे यासाठीची सोय) वापरल्यावर थोड्या वेळापुरती 560 किलोवॅट मिळते. या दोन आकड्यांमधल्या फरकाचा अर्थ मला तेव्हा कुठे उमगला.

त्याच सुमारास विहिरीवरची मोटर जळाली म्हणून मी ती अंबडला रिवाइंडिंगला नेली. "तांब्याला काही होत नाही साहेब, वार्निश जळतं अन् तार तारेला लागती," असे सांगत कारागिराने काळी पडलेली गुंडाळी हातात दिली. आमच्या मोटरमध्येही वाइंडिंगचे इन्सुलेशन तसेच जपावे लागते. त्यात भर म्हणजे रोटरमधले, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातले, कायमचे चुंबक फार तापले तर चुंबकत्व गमावतात. फिरत्या रोटरला सेन्सर लावणे जिकिरीचे असल्याने त्याचे तापमान गणिती मॉडेलने काढतात. इथे मात्र माझे पाय जमिनीला लागले, कारण एक्झॉस्ट वायूचे तापमान आम्ही इंजिनातही असेच अंदाजाने काढत असू.

टॉर्कच्या बाबतीत सवय उलटी करावी लागली. इंजिनात हवा भरायला, टर्बो फिरायला वेळ लागतो आणि तो वेळ वाचवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती. मोटर काही मिलिसेकंदांत पूर्ण टॉर्क देते. तो तसाच सोडला तर गिअरच्या दात्यांमधली फट खाडकन भरते आणि गाडीला हिसका बसतो. त्यामुळे पॅडल दाबल्यावर टॉर्क मुद्दाम किंचित आवरून कसा चढवायचा, यावर मी चार महिने घालवले. ब्रेकमध्येही असाच सांधा जुळवावा लागतो : मोटर वीज परत घेते तेव्हाचा रोध कुठे संपला आणि पॅडची पकड कुठे सुरू झाली, हे चालकाच्या पायाला कळता कामा नये. टायर आणि सस्पेन्शनवाल्या मित्रांना नवे असे फार शिकावे लागले नाही, मात्र दोन टनांच्या वर गेलेले वजन पाहून ते रोज कुरकुरत असत.

पुढच्या मे महिन्यात आम्ही तीच चाचणी पुन्हा घेतली. पाचव्या वेळीही शक्ती घटली नाही, पण चिलरने एसीचा बहुतेक सगळा गारवा ओढून घेतल्यामुळे चालक घामाने निथळत बाहेर आला. गारवा आधी बॅटरीला द्यायचा की माणसाला, यावर आमच्यात सध्या वाद चालू आहे.