फोन आत्ता घ्यावा की थांबावं? श्रावणात सुरू झालेला हिशेब

श्रावण संपत आला होता आणि माझा फोन चाळीस टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडायला लागला. मी बेळगावात, वडगावला, घरी ब्लाउज शिवते. मापं वहीत असतात, पण गळ्याचे, बाह्यांचे फोटो गिऱ्हाईकं व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि पैसेही फोनवरच येतात. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी अंगावर, आणि फोन भर दुपारी मान टाकतोय. खडेबाजारात जायचं आणि नवीन घेऊन यायचं, एवढं सोपं वाटलं होतं ते.

तेवढ्यात १५ ऑगस्ट २०२५ आला. दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार असं पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं आणि घरात सगळेच अर्थमंत्री झाले. "थांब की गं, आता कशाला घेतीस? दिवाळीत स्वस्तच होणार हाय सगळं," जाऊबाई म्हणाल्या. आमच्या ह्यांचंही तेच. पोराने तर कोणता फोन घ्यायचा तेसुद्धा ठरवून टाकलं, पैसे माझे असल्यामुळे जरा वरच्या किमतीचाच.

थांबायचं तर आहे तो फोन चालला पाहिजे. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. त्याने फोन आडवा धरून दाखवला, मागचं झाकण एका बाजूने किंचित उचललेलं होतं. बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी आणखी वापरू नये, दाबू तर अजिबात नये. आत्तापर्यंत उशाशी ठेवून चार्जिंगला लावत होते, ते तेव्हापासून बंद. "अक्का, बॅटरी एक बदला, साकु. फोन चांगला आहे," तो म्हणाला. साकु म्हणजे कन्नडात पुरे. खर्च हजाराच्या आत. साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की बहुतेक बॅटऱ्यांची ताकद वीसएक टक्क्यांनी उतरते. माझा फोन २०२० मधला, लॉकडाऊनमध्ये पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. त्या मानाने बॅटरीने बरीच साथ दिली म्हणायची.

त्या नव्या बॅटरीने घाई गेली. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात हाच खर्च सगळ्यात शहाणपणाचा झाला, कारण बंद पडणारा फोन हातात घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला दुकानदार लगेच ओळखतो.

३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, २२ सप्टेंबरपासून लागू. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मोबाइल आधीपासूनच १८ टक्क्यांवर होता, तो तिथेच राहिला. म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायचं हे कारणच गेलं. एप्रिल २०२० च्या आधी मोबाइलवर १२ टक्के कर होता. समजा पुन्हा तेवढा केला असता, तरी वीस हजारांच्या फोनवर वाचले असते ते हजारभर रुपये. हा हिशेब कॅल्क्युलेटरवर मी एकटीने केला. घरातल्या अर्थमंत्र्यांपैकी कोणीही केला नव्हता.

मग नवरात्रातले ऑनलाइन सेल. ते २३ सप्टेंबरला सुरू झाले. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एक किंमत, आणि खाली बारीक अक्षरांत ती कशी बनते ते. अमुक बँकेचं क्रेडिट कार्ड असेल तर इतके कमी, जुना फोन दिला तर आणखी इतके कमी. माझं खातं इथल्या सहकारी बँकेत, हातात साधं रुपे डेबिट कार्ड, आणि जुना फोन मला द्यायचा नव्हता. माझ्यासाठीची किंमत काढली तर ती खडेबाजारातल्या दुकानापेक्षा जेमतेम काही शे रुपयांनी कमी निघाली. दुकानात किमान फोन हातात घेऊन बघता येतो, काच आणि कव्हर लावून देतात, काही बिघडलं तर तोंड दाखवायला माणूस असतो. नो कॉस्ट ईएमआयचं, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांचंही विचारून घेतलं. व्याजाएवढी सूट देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी लागते. नको म्हटलं.

सेलमध्ये घेतला नाही, पण ह्या निमित्ताने एक काम झालं. फोन बदलायची खरंच गरज आहे का, ते तपासलं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या आसपास सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख असते. माझी २०२३ मधली निघाली. पैसे ज्या फोनवर येतात, त्याची कुलपं दोन वर्षं कोणी बदललेली नाहीत. बॅटरी बदलता येते, हे बदलता येत नाही.

दुसरी गरज कॅमेऱ्याची, पण फोटो काढायला नाही. माझं माहेर चंदगडकडचं, कन्नड बोलायला शिकले, वाचायला अजून जमत नाही. हेस्कॉमचं विजेचं बिल, महानगरपालिकेची नोटीस, सगळ्यावर गूगल लेन्स (कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अॅप) धरून वाचते. जुन्या कॅमेऱ्याला अक्षरं स्थिर व्हायलाच इतका वेळ लागायचा की शेजारच्या कन्नड अक्काला हाक मारणं लवकर व्हायचं.

फाइव्ह-जीमुळे मात्र माझं काही अडलं नव्हतं. ते अनलिमिटेड हवं तर जुलै २०२४ पासून बहुतेक रोज दोन जीबीवाला महागडा रिचार्ज मारावा लागतो, आणि शिनोळीच्या पुढे माहेरच्या वाटेवर फोर-जी टिकलं तरी मी खूश असते.

म्हणजे फोन घ्यायचा हे ठरलं, कधी ते ठरलं नव्हतं. दिवाळी ऑर्डरींत गेली. त्यानंतर दुकानदार सांगायला लागला, "वहिनी, आता घ्या, पुढच्या महिन्यात रेट वाढणार." दुकानदार हे बाराही महिने म्हणतो. पण पोरगाही तेच वाचून आला होता. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप इतक्या लागतायत की कारखाने आधी त्यांचाच माल काढतात आणि मोबाइलच्या वाट्याची मेमरी महाग होते.

खरं काय ते कळायला मी आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो मोबाइल विकत नाही, मला काही गळ्यात मारण्यात त्याचा फायदा नाही. तो स्वतःच वैतागलेला होता. गिऱ्हाईकाला रॅमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीचा जो दर सांगून ठेवला होता, तो माल आणेपर्यंत दुपटीच्या घरात गेला होता. एवढं मला पुरलं. आता थांबलं तर स्वस्त होण्यापेक्षा महाग होण्याचीच शक्यता जास्त.

नोव्हेंबरच्या शेवटी, लग्नसराईच्या ऑर्डरींचा ॲडव्हान्स हातात आल्यावर घेतला. पोराचा वरच्या किमतीचा नाही. सॅमसंगच्या ए मालिकेतला, वीस हजारांच्या आसपासचा. कारण एकच: ए१६ पासून कंपनीने ह्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचे अपडेट द्यायचं कबूल केलंय. गेम खेळायला थोडा मंद आहे असं पोरगा म्हणतो. मी गेम खेळत नाही. पैसे देण्याआधी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघून घेतला. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की तो दिसतो. केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएसने पाठवला की फोनची माहिती येते. दुकानदार जरा नाराज झाला, झाला तर झाला.

नवीन फोनवर यूपीआय चालू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं आणि त्यावरून एसएमएस जावा लागतो. रिचार्ज संपलेला असेल तर तिथेच अडतं. व्हॉट्सअॅपचं गूगलवरचं बॅकअप आता फुकटच्या १५ जीबीमध्येच मोजतात, आणि माझे ब्लाउजचे फोटो त्यात कधीच मावत नव्हते. दोन्ही फोन एका वायफायवर घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला आणि सगळे गळे, सगळ्या बाह्या इकडे आल्या. त्याला वेळ लागतो, तोवर दोन्ही फोन चार्जिंगला लावून ठेवावेत.

जुना फोन दिला नाही. एक्सचेंजला सांगितलेली रक्कम बॅटरीच्या खर्चाच्या थोडीच पुढे जात होती. त्यातली बँकेची आणि पैशांची सगळी अॅप्स काढली, सिम काढलं, आणि तो वायफायवर सासूबाईंना दिला. त्या त्यावर कीर्तनं ऐकतात, आणि बॅटरी दिवसभर टिकते.