नंदीबैल

आमच्या पद्मिनीला मान डोलवायची सवय लागली होती. गतिरोधकावरून उतरली की बॉनेट खाली, वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. दारात आलेल्या नंदीबैलासारखी. काहीही विचारा, हो. मागे बसलेली आई पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून म्हणायची, “बाबा होते तेव्हा एवढी नव्हती हलत.” हलत होती. बाबा तेव्हा हळू चालवायचे.

मिस्त्रींनी मडगार्डवर दोन्ही तळहात टेकले, गाडी दाबली आणि सोडली. धडधाकट गाडी एकदा उसळून बसते. आमची तीनदा झुलली. “शॉकअप संपले,” ते म्हणाले. खाली वाकून पाहिलं, तर नळीवर तेल ओघळलेलं आणि त्यावर धुळीचा गोधडीएवढा जाड थर.

शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, धक्का शोषणारा. हे नावच मुळात फसवं. धक्का झेलते ती स्प्रिंग, मागच्या बाजूला पाटे. पण स्प्रिंगला थांबायचं कळत नाही, झोका दिलेल्या पाळण्यासारखी ती हलतच राहते. पाळणा धरणारा हात म्हणजे शॉकअप. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. होळीची पिचकारी हळू दाबली तर मुकाट जाते, जोरात दाबली की अडते, तसंच. झोक्याचा जोर तेल तापवण्यात जिरून जातो. मिस्त्रींनी जुना शॉकअप काढून माझ्या हातात दिला. दांडी दाबली, ती पचक करून आत गेली. ओढली, तशीच बाहेर आली. खरं तर ओढताना जास्त जड लागायला हवी, कारण उसळणाऱ्या स्प्रिंगलाच जास्त आवरायचं असतं.

मग पुण्यातली नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, तो कारखाना बंद होऊनही बरीच वर्षं सामान मिळत राहिलं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांच्या जिवावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून हटली. आता गाडीचं नाव काढलं की दुकानदार आधी हसतो, मग शिडी लावतो.

माळ्यावरून एक जोडी निघाली. खोक्यासकट, कोरी, “ओरिजिनल”. मोह झाला. पण इतकी वर्षं आडवं पडलेलं रबर नखाने दाबलं तर पापडासारखं कडक लागलं. आतलं तेल अडवणारे सील त्याच वयाचे. दुसऱ्या दुकानात एका नव्या गाडीचे गॅसवाले होते. “घ्या साहेब, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल.” गॅस म्हणजे नायट्रोजन. खराब रस्त्यावर तेल घुसळून फेस होतो आणि फेस भोकांतून फुकटात निसटतो. गॅसचा दाब तो होऊ देत नाही. माल उत्तमच. पण मी टेप नेला होता. मिटलेला शॉकअप जुन्यापेक्षा लांब निघाला. म्हणजे मोठ्या खड्ड्यात गाडीचा रबरी ठोकळा टेकायच्या आत हाच आदळला असता.

मापाचं कारण खरं होतं, पण ते सोयीचंही होतं. रुळावरून चालणारी पद्मिनी मला नकोच होती. बाबांनी १९८५ साली घेतलेली ही १०८९ सीसीची बाई साठच्या पुढे आपणहून गुणगुणायला लागते. तिला अगदी ताठ बसवून काय करायचं? थोडं डोलणं राहू दे, हे दुकानदाराला सांगणार कसं? शेवटी पद्मिनीच्याच मापाचे, साधे तेलाचे चार घेतले. जोडीने, कारण एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना म्हणजे गाडी लंगडते.

बसवण्याआधी मिस्त्रींनी प्रत्येकाला उभा धरून पाच-सहा वेळा आत-बाहेर पंप केला, हवा निघेपर्यंत. बुशचे, म्हणजे टोकाच्या रबरी कड्यांचे, नट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. “जॅकवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की आजवर कुणीतरी तसंच केलेलं असावं. मीच केलं होतं, २०११ साली.

संध्याकाळी आईला मागे बसवून निघालो. पहिला गतिरोधक आला. गाडी उतरली, एकदा मान हलवली आणि गप्प झाली. आरशात पाहिलं. आईने सीटची पाठ धरलेलीच होती, दुसऱ्या झोक्याची वाट पाहत.