विहिरीवरच्या इंजिनापासून बुलेटच्या टॅपेटपर्यंत : आमची वाटचाल

थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, कोरेगाव रस्त्याला लेथ टाकली तेव्हा मोटरसायकलचं काम आमच्याकडे नव्हतंच. गिऱ्हाईक सगळं शेतकरी. विहिरीवरचं ऑइल इंजिन ट्रॉलीत घालून आणायचे आणि पाण्याची पाळी चुकायच्या आत न्यायचं म्हणून दारातच बसून राहायचे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ची. 'प्रिया' रस्त्यावर धावायला लागल्यावर आसपासच्या मिस्त्र्यांनी स्कूटरचं काम धरलं. अण्णांनी नाही धरलं. "टू-स्ट्रोकला टॅपेट असतंय कुठं?" एवढंच त्यांचं उत्तर. (फोर-स्ट्रोकमध्ये कॅम फिरतो, त्याचा धक्का टॅपेट झेलतो, पुशरॉड तो वर नेतो आणि व्हॉल्व्ह उघडतो; टू-स्ट्रोक स्कूटरला हे काहीच नसतं.) धंदा म्हणून तो हिशोब चुकीचा होता की बरोबर, यावर घरात अजून वाद होतो. पण त्या हट्टामुळे कॅम, टॅपेट, पुशरॉड आमच्या हातात बसले हे खरं.

बुलेट आणली ती फौजींनी. सातारा जिल्ह्यात पेन्शनीत निघालेल्या माणसांची काय कमी! गाडी त्यांची जीव की प्राण. टॅपेट वाजायला लागले की आमच्याकडे. जुन्या बिडाच्या बुलेटची सेटिंग सोपी: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर, आणि पुशरॉड दोन बोटांत मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लागत नाही, बोटं लागतात. आमच्याकडे नवीन पोरगा आला की आधी हेच शिकतो.

२००८-०९च्या सुमारास बुलेटवाल्या कंपनीचं यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) आलं आणि हायड्रॉलिक टॅपेटने हे बोटांचं काम काढून घेतलं. टॅपेटच्या पोटात एक प्लंजर, खाली बॉल आणि स्प्रिंग. इंजिनचं तेल आत शिरतं, बॉल ते परत जाऊ देत नाही, आणि फट आपोआप भरून निघते. आमच्यातल्या काहींना वाटलं, संपलं आता. झालं उलटंच. याच गाड्या असलेली पोरं कॅम बदलायला, बोअर (सिलेंडरची आतली रुंदी) वाढवायला लागली, आणि मग "काका, कुठले टॅपेट टाकू?" हा प्रश्न रोजचा झाला.

मध्ये कराडचा एक मुलगा आला. नवा हाय-लिफ्ट (व्हॉल्व्ह जास्त उचलणारा) कॅम पिशवीत.

"काका, सॉलिड टाका. पळाली पाहिजे."

"किती पळवणार?"

"रविवारी कासला जातो की."

कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढायला सॉलिड, म्हणजे आत तेल-प्लंजर नसलेले भरीव, टॅपेट लागत नाहीत. कंपनीची ३५० यूसीई पूर्ण ताकद ५,२५० आरपीएमला देते. तेवढ्यात राहणाऱ्याला हायड्रॉलिकच बरं: आवाज नाही, सेटिंग नाही. त्याच्या फार वर गेलं आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे वेळेवर येत नाही. मध्ये फट पडते, हायड्रॉलिक टॅपेट ती खरीच फट समजून तेलाने भरून टाकतो, आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन जातं, वर व्हॉल्व्ह जळायची भीती. अशा गाडीला सॉलिड आणि ॲडजस्टेबल पुशरॉड देतो, पण आधी स्प्रिंग तपासून. नुसती कडक स्प्रिंग टाकली तर कॅम आणि टॅपेटचा तळ दोन्ही खाते. त्या मुलाला शेवटी हायड्रॉलिकवरच ठेवला. थोडा हिरमुसला.

त्याच्या कॅमने दुसरं काम मात्र काढलं. घासून लिफ्ट वाढवलेल्या कॅमचा मूळ गोल लहान झालेला असतो. गोल एक मिलिमीटरने आत गेला तर टॅपेटही तेवढाच खाली बसतो, आणि जुना पुशरॉड आखूड पडतो. प्लंजरची चाल मुळात थोडी; तो बसल्या जागी टोकाला लागून चालत नाही, दोन्हीकडे जागा हवी. म्हणून आम्ही पुशरॉडची लांबी मोजल्याशिवाय हायड्रॉलिक टॅपेट विकतच नाही. यावरून गिऱ्हाईक गेलेलं आहे, जाऊ दे.

एका पुरवठादाराने पाठवलेल्या सीलबंद खोक्यात वापरलेले टॅपेट निघाले होते. तेव्हापासून प्रत्येकाचा तळ बघतो. स्टीलची पट्टी तळावर उभी धरायची आणि ट्यूबलाइटकडे बघायचं. मधून उजेड दिसला तर तळ खोलगट झालाय. तो ग्राइंडरवर सपाट करून देणारे आहेत, पण वरचा कडक थर गेला की खालचं मऊ लोखंड नव्या कॅमला काही दिवसांत खातं. तळ नव्याने कडक करायचा तर आम्ही कोल्हापूरला, उद्यमनगरात पाठवतो. जुने टॅपेट नव्या कॅमवर अजिबात नाही. आणि रोलर (तळाला चाक असलेल्या) टॅपेटच्या कॅमची घडणच वेगळी, त्यात सपाट टॅपेट चालत नाही.

बोअर वाढवताना बिडाच्या जागी ॲल्युमिनियमचा सिलेंडर येतो, तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ॲल्युमिनियम एका मीटरला, एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. स्टील नि बीड ११-१२. लांबी २०० मिलिमीटर धरा, तापमान ८० अंशांनी वाढलं असं धरा. सिलेंडर ॲल्युमिनियमचा आणि पुशरॉड स्टीलचे असले तर जवळपास ०.२ मिलिमीटरची फट नुसत्या उष्णतेने पडते. थंड असताना गप्प असलेली गाडी शिवराज पेट्रोल पंपापर्यंत जाईतो टकटक करते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, सेटिंग चुकलं. ॲल्युमिनियमचा सिलेंडर तर पुशरॉडही ॲल्युमिनियमचे, नाहीतर हायड्रॉलिक, असं आम्ही ठरवून टाकलंय.

सायलेन्सर काढून फटाके वाजवायचं काम आम्ही घेत नाही. विचारू नये.

२०२०मध्ये रॉयल एनफील्डची मीटिअर आली तिच्यात पुशरॉडच नाही, कॅम वर हेडमध्ये. त्यामुळे भाचा आता रॉकर आणि हेडची कामं बघतो, मी पुशरॉडवाल्यांची. बाहेरगावाहून काम पाठवणाऱ्यांनी कॅम, टॅपेट, पुशरॉड आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग एकत्रच पाठवावं. इनलेटचा टॅपेट कुठला, एक्झॉस्टचा कुठला, ते चिकटपट्टीवर लिहून लावा. सोबत गाडी कोण चालवतं, कुठे चालवतं आणि तेल कुठलं टाकता, हेही एका चिठ्ठीत.