देवबाग ते निवती, टूरिंग कयाकमधून

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळतात त्या बहुतेक कयाक वर बसायच्या. रुंद, आखूड, आणि उलटल्या तरी पुन्हा चढून बसता येतं अशा. टूरिंग सी कयाक वेगळी. आमच्या गटाने या हिवाळ्यात वापरून पाहिली ती १६ फूट लांब, २२ इंच रुंद, जाड प्लॅस्टिकची, रिकामी असताना २७ किलोच्या आसपास. पुढे-मागे सामानाचे दोन बंद कप्पे, मधे पाय आत घालून बसायची जागा, तळाखाली मागच्या बाजूला दोरीने वर-खाली होणारा स्केग, म्हणजे बोट सरळ ठेवणारं छोटं पातं. अशी टूरिंग बोट एकच होती आणि ती सगळ्यांनी आळीपाळीने चालवली. विकत घ्यायचा विचार असेल तर बोट अशीच पाहावी. नव्वद किलोच्या माणसाला जी घट्ट आणि स्थिर वाटते, तीच पंचावन्न किलोच्या मुलीला वाऱ्यावर उधळणारी वाटू शकते.

पहिला दिवस कर्ली नदीत काढला. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. शिकायला याहून चांगली जागा कोकणात मला तरी माहीत नाही. खाडीच्या अंगाने नेरूरपारच्या दिशेला निघालात की कांदळवनाच्या आडोशाला पाणी सपाट मिळतं. बोटीत बसल्या बसल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "अरे, ही हलते!" हलतेच. जागच्या जागी उभी असताना जास्तच हलते. कंबर सैल सोडून, गुडघे वरच्या कडेला टेकवून थोडा वेळ वल्ही मारली की ती सरळ रेषेत धावायला लागते आणि हलणं विसरायला होतं.

दुपारी आम्ही दोन्ही कप्प्यांत पाण्याचे कॅन भरले, जड सामान तळाशी आणि बसायच्या जागेच्या जवळ येईल असं. बोट जराशी खाली बसली आणि सगळी चाल बदलली. सकाळी घाबरलेला आमचा एक मित्र आता तिला कडेवर कलवून वळणं घेत होता. ही बोट मुक्कामाच्या सामानासाठीच बांधलेली असते. रिकाम्या बोटीत अर्धा तास बसून तिच्याबद्दल मत बनवू नका.

त्याच दिवशी उलटायचा सराव केला. समुद्रात जाण्याआधी हा करायलाच हवा. बोट उलटली की स्प्रे स्कर्टची (पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेपासून बसायच्या जागेच्या कडेपर्यंत ताणून लावायचं झाकण) पुढची पट्टी ओढून बाहेर यायचं; ती पट्टी बाहेर राहिली आहे ना, हे निघताना शेजाऱ्याने तपासायचं. मग सोबतीने आपली कयाक आडवी लावून उलट्या बोटीचं टोक स्वतःच्या मांडीसमोर ओढून घ्यायचं. पाणी भळभळ ओतून जातं. बोट सुलटी करून दोन्ही कयाक समांतर धरायच्या, पाण्यातल्याने मागच्या भागावर पोटावर चढायचं, पाय आत सारून मग वळायचं. पहिल्यांदा बराच वेळ लागतो. दोघांना न बोलता जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. ही बोट एकट्याने समुद्रात नेऊ नये असं मी म्हणतो ते यासाठीच.

दुसऱ्या दिवशी समुद्र. कर्लीच्या मुखाशी वाळू साठलेली आहे आणि ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून येणारी लाट तिथे उभी राहून फुटते. म्हणून बाहेर पडायचं ते चढत्या भरतीला किंवा भरती पूर्ण झाल्यावर पाणी थांबतं तेव्हा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशीला नऊ, अष्टमीला सहा. अंदाज यावरून बांधा, पण नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, नवख्यांनी ते दिवस टाळावेत.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं आणि वल्ही थांबवली की बोट नकळत बाहेर सरकत राहते. ऊन तापलं की खारा वारा सुटतो, बहुधा वायव्येकडून. निघताना होडी सारवत बसलेल्या एका काकांनी बजावलं, "वारो सुटाच्या आधी पोचा." आम्ही देवबागहून दक्षिणेला जाऊन निवतीलाच संपवायचं ठरवलं होतं, म्हणजे वारा सुटला तरी पाठीशी. गाडी आदल्या दिवशीच निवतीला लावून ठेवली. मधे नदी असल्याने रस्त्याने वळसा मोठा पडतो, तो वेळ धरून चाला.

भोगव्याच्या पुढे वारा आलाच. मागून, उजव्या खांद्यावरून. रिकाम्या बोटीचं तोंड लगेच समुद्राकडे वळायला लागलं. स्केग पूर्ण खाली सोडला आणि ती पुन्हा सरळ झाली. मला ही बोट खरी पसंत पडली ती या क्षणी. किनाऱ्यावरून उतरताना स्केगच्या खाचेत वाळू अडकते, म्हणून त्याच्या भोकात दोरीचा छोटा फास बांधून ठेवा. अडकला तर सोबतीला मागून ओढून मोकळा करता येतो. निवतीच्या अलीकडे डॉल्फिन दिसले. त्यांच्या मागे लागू नका, वल्ही थांबवून बसा.

गटासाठी काही गोष्टी. सर्वात हळू चालणारा पुढे, अनुभवी माणूस शेवटी, आणि कुणीही हाकेच्या पलीकडे जायचं नाही. ताशी पाच किलोमीटर धरून बेत आखा. जाळ्यांचे बोये दिसले की बाहेरून वळसा घ्या; किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिच्या आत शिरू नका, ती त्यांची रोजीरोटी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक पाण्याखाली लपलेले आहेत, तिकडे स्थानिक माणसाशिवाय नको. निओप्रीनचा स्कर्ट आपल्या उन्हात नकोसा होतो, नायलॉनचा घ्या. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी जॅकेटलाच बांधलेली, मोबाइल जलरोधक पिशवीत. ओळखपत्र जवळ ठेवा, गस्तीवरचे पोलीस विचारतात. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही निघण्याआधीच फोनमध्ये भरा आणि किती वाजता कुठे पोचणार ते किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून जा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हंगाम उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो आणि मेअखेरीनंतर बोट घरातच बरी. गाडीच्या टपावर नेताना खाली फोम आणि वर पट्टे लावा, पण पट्टे कचकचून आवळू नका. उन्हात प्लॅस्टिक मऊ होऊन तळाला पोचा येतो.