७०१ चालू झालं! पाणी लपलं होतं पल्स लाइनमध्ये

माझं ७०१, म्हणजे जेट स्की (पाण्यावरची स्कूटर), काल संध्याकाळी चालू झालं. नुसतं दोनदा फटफटून थांबलं असं नाही. पाण्याचा पाईप लावून आयडलवर स्थिर राहिलं आणि थ्रॉटल दिल्यावर न अडखळता वर गेलं. मागच्या नोंदीत इंजिन खोलायची तयारी करून मी थांबलो होतो. खोलावं लागलं नाही. का लागलं नाही ते आज सविस्तर लिहितो, कारण टो केल्यावर (दोराने ओढून आणल्यावर) मशीन बंद पडलं की बहुतेकजण पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या सीलवर, घेतात.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना माहितीच आहे: पानशेतच्या बॅकवॉटरला मेव्हणा मशीन चालवत होता, जाळ्याची दोरी इम्पेलरमध्ये (जेट पंपातल्या पंख्यात) गुंडाळली गेली आणि इंजिन बंद पडलं. मदतीला आलेल्या मोटरबोटवाल्याने दोर बांधला आणि काठापर्यंत भरधाव ओढत आणलं. दोरी तर पक्कड घेऊन पंधरा मिनिटांत निघाली. खरा घोळ त्या ओढण्याने झाला.

आपल्या मशीनला वेगळा वॉटर पंप नसतो. जेट पंपात जो दाब तयार होतो, त्यातलंच थोडं पाणी इंजिन थंड करायला जातं. बंद मशीन वेगाने ओढलं की तोच दाब बाहेरून मिळतो, पाणी कूलिंग पाईपमधून जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पोकळीत) आणि तिथून एक्झॉस्टमध्ये शिरतं. इंजिन चालू असेल तर एक्झॉस्टचा गॅस ते पाणी बाहेर ढकलतो. बंद असेल तर वॉटरबॉक्स (एक्झॉस्टच्या वाटेतला डबा) भरतो, मग मॅनिफोल्ड, मग एक्झॉस्ट पोर्टमधून सिलिंडर. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे पाणी पोर्टांतून थेट क्रँककेसमध्ये उतरतं. म्हणूनच टो करताना ताशी ८ किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि जायचंच असेल तर पंपाकडून येणारा कूलिंग पाईप आधी क्लॅम्पने दाबून बंद करायचा.

आता मुख्य त्रास. दोन्ही स्पार्क प्लग काढले, कॅप अर्थिंग पोस्टवर लावल्या, प्लगच्या भोकांवर फडकं टाकलं आणि स्टार्टर मारला. पाण्याचे फवारे उडाले, पुढे पुढे नुसते वाफेसारखे तुषार. नवे बीआर८एचएस प्लग ०.६ मिमी गॅपवर लावले, स्टार्ट केलं, काही नाही. प्लग काढले तर टोकावर ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं पाणी. पुसलं, वाळवलं, परत तेच. पाणी संपेचना. इथेच गॅस्केटचा विचार येतो. पण कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरना जवळपास सारखं येत होतं, आणि कूलिंगला पाणीच जोडलेलं नसताना गॅस्केटमधून नवं पाणी येणार कुठून? म्हणजे हे जुनंच पाणी होतं आणि कुठेतरी साठून राहिलं होतं.

पहिला साठा वॉटरबॉक्सचा. ट्रेलरचं पुढचं टोक जॅकवर चढवून नाक चांगलं वर केलं, मागचे ड्रेन प्लग काढले, वॉटरबॉक्सची जुबली क्लिप सैल करून पाईप ओढला. बादली भरून वर पाणी निघालं. हे आधी न करता नुसतं क्रँक करत राहिलं तर तेच पाणी पुन्हा पुन्हा सिलिंडरकडे येतं. या एका कामानंतर प्लग कोरडे राहायला लागले. तेवढ्याने मी खूष होतो, पण इंजिन तरीही गप्प.

मग कार्बच्या (कार्बोरेटरच्या) घशात पिचकारीने थोडं प्रीमिक्स, म्हणजे ऑइल मिसळलेलं पेट्रोल, टाकलं. खणखणीत पकडलं! दोन-तीन सेकंद चाललं आणि मेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. हा आवाज ऐकून मेव्हणा म्हणाला, “दादा, हे जिवंत आहे.” खरंच होतं ते. स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचत नाहीये. टाकी पाहिली, सेडिमेंट बाऊल पाहिला, दोन्हीत पाणी नाही. क्रँक करताना पारदर्शक फिल्टरवर टॉर्च धरला. आतली पातळी केसभरही हलत नव्हती.

मिकुनी कार्बचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही. क्रँककेसमधला दाब वर-खाली होतो, तो एका बारीक पाईपने पंपाच्या डायफ्रॅमपर्यंत जातो आणि डायफ्रॅम हलतो. हीच पल्स लाइन. क्रँककेस पाण्याने भरला होता, तर पाणी त्या पाईपमध्येही गेलंच असणार. माझ्या मशीनवर तो पाईप इनटेकच्या मागे झोळ पडून खाली लोंबत होता, त्यामुळे तिथलं पाणी क्रँक करून निघणं शक्यच नव्हतं. निपलवरून ओढला आणि तळहातावर उलटा केला. पेट्रोलचा वास असलेलं पांढरं पाणी, चमचाभरसुद्धा नसेल. एवढ्याशा पाण्याने दाबाचे ठोके पंपापर्यंत पोचू दिले नव्हते.

नवा पाईप घ्यायला नाना पेठेत गेलो. तिथे आधी पातळ, मऊ नळी हातात दिली. ती घेऊ नका. पातळ भिंतीची नळी प्रत्येक ठोक्याला स्वतःच फुगते आणि पंपाला पुरेसा दाब मिळत नाही. जाड भिंतीचा फ्युएल होज मागा आणि शक्य तेवढा आखूड कापा. ऑइलच्या बाबतीतही तेच: टीसी-डब्ल्यू३ (बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनांचं ऑइल) मागितलं की गाडीचं टू-टी पुढे करतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनला ॲशलेस (जळून राख न सोडणारं) ऑइलच लागतं, त्यावर मी तडजोड करत नाही. आणि पंपावर सर्रास मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकीत पावसाळाभर ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

पंपाचा डायफ्रॅम उघडून वाळवला, पाईप जोडला, प्राइम केलं, पाच सेकंदांच्या आत स्टार्टर सोडायचा नियम पाळत बटण दाबलं. फिल्टरमध्ये पेट्रोल चढताना डोळ्यांनी पाहिलं. पहिले पकडलं ते सोडलंच नाही. इंजिन चालू झाल्यावर नळ सोडला, आणि बंद करताना आधी नळ, मग इंजिन. हा क्रम उलटला की तेच पाणी पुन्हा सिलिंडरमध्ये. शेवटी दोन्ही सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल, म्हणजे गंज रोखणारं फवाऱ्याचं ऑइल. ओल्या क्रँक बेअरिंगवर गंज चढायला काही तास पुरतात, त्यामुळे हे उद्यावर टाकायचं नाही.

यापुढे टो झालं तरी हे होऊ नये म्हणून कूलिंग पाईपमध्ये वन-वे व्हॉल्व्ह टाकायचा विचार होता. हे लिहिता लिहिताच तो सोडला. टोमध्ये पाणी ज्या दिशेने जातं त्याच दिशेने चालू इंजिनमध्येही जातं, वन-वे व्हॉल्व्ह काय अडवणार? मग बॉल व्हॉल्व्ह. पण तो बंद राहिला आणि कोणी थ्रॉटल दिलं तर इंजिन तापून जाईल. आत्ता सुचलेलं जास्त पटतंय: लाल रंगाचा होज क्लॅम्प घ्यायचा आणि तो आखूड साखळीने लॅनयार्डच्या (चालवणाऱ्याला बांधायच्या सेफ्टी दोरीच्या) किल्लीलाच बांधायचा. क्लॅम्प पाईपवर असेल तर किल्ली सीटखाली अडकलेली, म्हणजे क्लॅम्प काढल्याशिवाय स्टार्टच होणार नाही. वापरात नसेल तेव्हा हँडलपाशी क्लॅम्प लोंबणार, त्याला एक रबरी खोबण लागेल. भोसरीच्या लेथवाल्या काकांना स्टेनलेसची पट्टी वाकवून द्यायला सांगतो. पाईपचा बाहेरचा व्यास मोजून झाला की माप टाकतो, कोणी असं आधी बसवलं असेल तर साखळी किती लांब ठेवली तेवढं सांगा.