पावसाळ्याच्या जळणाची बेगमी: पेलेट कोरडे ठेवताना

कोल्हापुरात जळणाची बेगमी उन्हाळ्यातच उरकावी लागते. चिपाडं, शेणी, फोडलेली लाकडं, सगळं मृगाच्या आत आडोशाला गेलेलं बरं. न्हाणीच्या बंबाला लाकडांऐवजी भुशाचे पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, घालायचं ठरल्यावर आम्हीही पहिल्या वर्षी हीच रीत धरली. परड्यातल्या शेडमध्ये विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती आणि वरून ताडपत्री. पावसाचा थेंबही आत गेला नाही. तरी श्रावण लागेपर्यंत खालच्या पोत्यांत निम्मा भुसाच उरला होता.

चूक रीतीत होती. फोडलेल्या लाकडात ओल असते आणि ती वाऱ्यानं निघून जाते, म्हणून लाकडाची रास मोकळी रचतात. पेलेट म्हणजे आधीच वाळवलेला भुसा. तो यंत्राच्या साच्यातून मोठ्या दाबानं ढकलला जातो, त्या दाबानं तापतो, आणि लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन कणाला कण धरून ठेवतं. चांगल्या पेलेटमध्ये ओल १० टक्क्यांच्या आत असते. पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसात, हवाच इतकी दमट असते की हा सुका भुसा हवेतून पाणी ओढून घेतो. कण फुगतात, पकड सुटते. विणलेलं प्लॅस्टिकचं पोतं ही हवा अडवत नाही. आणि आमच्या ताडपत्रीनं तर जमिनीतून वर येणारी ओल आतल्या आत कोंडून धरली. लाकडाला वारा लागतो, पेलेटला तोच बाधतो. एवढं ध्यानात आल्यावर पुढचं सगळं बदललं.

आधी हिशेब. पाच माणसांच्या आंघोळीला रोज साधारण १०० लिटर पाणी २३ अंशांवरून ४५ पर्यंत तापवायचं, म्हणजे २,२०० किलोकॅलरी उष्णता लागते. बंबात जळणातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता पाण्याला मिळते, बाकी धुरांड्यातून जाते. किलोमागे ४,००० किलोकॅलरी धरल्या तर रोजचे पेलेट १.६५ किलो. जून ते सप्टेंबर १२२ दिवसांचे २०० किलो झाले. नासधूस आणि लांबलेला पाऊस धरून आम्ही २५० किलो घेतो, २५ किलोची १० पोती.

पेलेट कशाचे आहेत ते विचारून घ्यावं. लाकडाच्या भुशाचे सर्वांत चांगले, राख थोडी पडते. उसाच्या चोथ्याचे आणि शेंगांच्या टरफलांचे आपल्याकडे सोयीचे वाटतात, पण त्यांची राख बरीच जास्त. ती विस्तवात वितळून खंगर धरते आणि जाळीची भोकं बुजवते. टरफलांत शेंगदाण्याची कणी राहिली असेल तर उंदीर पोतं कुरतडतात, हा आणखी एक ताप. बॉयलरसाठी मिळणारा जाड पांढरा कोळसा, म्हणजे भुशाच्याच दाबलेल्या मोठ्या कांड्या, घरच्या बंबासाठी घेऊ नये. तो फोडावा लागतो आणि फोडला की चुराच होतो.

माल घेताना मी तीन गोष्टी बघतो. पेलेट मोडला की ‘कट्’ आवाज येऊन तुटला पाहिजे. नुसता वाकून सुटला तर त्यात ओल आहे. पेल्यातल्या पाण्यात टाकला की तळाला गेला पाहिजे. तरंगणारा पेलेट नीट दाबलेला नसतो. पोत्याच्या तळातले ओंजळभर पेलेट बारीक चाळणीनं चाळायचे. चाळणीखाली चिमूटभरच पडलं तर ठीक, मूठभर पडलं तर पोतं परत. ओल नेमकी मोजायची असेल तर २०० ग्रॅम पेलेट ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवावेत. १८२ ग्रॅम उरले तर ओल ९ टक्के. १७० वर आले तर तो माल साठवणीचा नव्हे.

साठवणीला आता निळी पिंपं आहेत, २०० लिटरची, पूर्ण तोंड उघडणारी, झाकणाला रबर आणि कडी असलेली. पेलेट घनमीटरला साधारण ६५० किलो भरतात, म्हणजे एका पिंपात १३० किलोच्या आसपास. दोन पिंपांत पावसाळ्याची बेगमी बसते. पिंप जुनं घेताना त्यात आधी काय होतं ते विचारायचं. ॲसिडचं किंवा कीटकनाशकाचं असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नये, कारण तोच वास आणि तेच विष बंबाच्या धुरातून घरात येतं. पिंप धुऊन दोन दिवस उन्हात पालथं घालायचं.

भरायचा दिवस वळवाच्या आधीचा, एप्रिलमधला. उन्हात तापलेले पेलेट तसेच गरम भरू नयेत. रात्री पिंप गार झालं की आतली वाफ झाकणाला धरते आणि तिथून ठिबकते. त्यामुळे पोती रात्रभर घरात ठेवून सकाळी, चाळून, भरतो. पिंप काठोकाठ भरायचं, आत हवा कमी राहिली पाहिजे. धान्यात घालतात तशी चुनकळी यात मुळीच घालू नये. पाणी लागलं की ती तापते, आणि जळणाच्या पिंपात तिला जागा नाही.

पिंप घट्ट, पण खोली हवेशीर हवी. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. युरोपात पेलेटच्या बंद कोठारांत उतरलेली माणसं यानं दगावली आहेत. दोन पिंपांतून येणारा वायू थोडाच, तरी झोपायच्या खोलीत किंवा तळघरात पिंप ठेवू नये, आणि झाकण उघडल्यावर तळातले पेलेट काढायला आत डोकं घालू नये. आडवं करून काढावेत. आमची पिंपं मागच्या सोप्यात, बंबापासून लांब, भिंतीपासून हातभर सोडून दगडी फरशीवर आहेत. फरशीवर असल्यानं वाळवी लागत नाही आणि लागलीच तर दिसते.

रोज पिंप उघडलं तर रोज दमट हवा आत जाते. म्हणून १५ किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा, वापरात ठेवला आहे. त्यात १० किलोच्या वर पेलेट मावतात, म्हणजे सहा दिवसांचं जळण. पिंप सहा दिवसांतून एकदाच, तेही उघडीप बघून, दुपारी उघडायचं. दुसऱ्या पिंपाला ऑगस्टपर्यंत हातच लागत नाही.

बंबात पेलेट नुसते ओतून जळत नाहीत, साध्या जाळीतून खाली पडतात. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात बंबात बसणारा २ मिलिमीटर पत्र्याचा डबा करून घेतला: ५ इंच व्यास, १० इंच उंची, तळाला ५ मिलिमीटरची भोकं आणि वरच्या काठाखाली दोन बोटं सोडून भोकांची एक रांग. पेलेट ८ मिलिमीटरचे, त्यामुळे गळत नाहीत. अडीच लिटरचं माप एकदाच भरायचं आणि वरून पेटवायचं, चिपाडाच्या चार काड्या आणि शेणीचा तुकडा पुरतो. खालून पेटवलं किंवा मध्येच वरून ओंजळ टाकली की धूर कोंडतो. पेलेट कोरडे असूनही धूर येत असेल तर चाळणी घ्यावी. भुसा भोकांत बसून हवा अडवत असतो. ज्वाला विझल्यावर राहणारा लाल निखाराच धोक्याचा, त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्यामुळे बंब न्हाणीत असेल तर खिडकी उघडी हवी. आम्ही तो बाहेर पडवीत हलवला.

पूररेषेजवळच्या घरांसाठी एक गोष्ट. भरलेलं, झाकण लावलेलं पिंप पाण्यात बुडत नाही, तरंगतं. १३० किलो पेलेट आणि वर पिंपाचं वजन धरलं तरी ते २०० लिटर पाण्यापेक्षा हलकंच. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना घरात तरंगणाऱ्या वस्तू काय करतात ते सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर आली की पिंपाला दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवायची आणि चार दिवसांपुरते पेलेट तेलाच्या डब्यात भरून माळ्यावर टाकायचे. एकदा पाणी शिरलेला पेलेट वाळवून पुन्हा पेलेट होत नाही. तो भुसा गोठ्यात अंथरायला किंवा शेणी थापताना मिसळायला जातो.

ऑक्टोबरच्या उन्हात पिंप रिकामं करून झाकणाचं रबर बोटानं दाबून बघतो. कडक झालं असेल, भेगा असतील तर तेव्हाच बदलतो. उरलेले पेलेट पुन्हा ‘कट्’ मोडून बघायचे आणि पुढच्या वर्षी नव्या मालाच्या वर भरायचे, म्हणजे ते आधी संपतात.